उजवीकडचं लॉज

शनिवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळत असताना पद्माकरच्या फोनवर एका धुराड्याचा फोटो आला. खरं म्हणजे दोन धुराड्यांचा. पाठवणारा श्रीनिवास, साइटवरचा सुपरवायझर. रोज सकाळी तो असे पाच-सहा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा आणि लोक आपापल्या हुद्द्याप्रमाणे लवकर किंवा उशिरा अंगठे दाखवायचे. आजचा फोटो परांचीवर चढून, वरून खाली काढलेला होता. डावीकडच्या धुराड्याचं तोंड आतून स्वच्छ, विटकरी, कालच भट्टीतून आल्यासारखं. उजवीकडचं आतून काळं. पद्माकरनं अंगठा दाखवला. मग फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला, आणखी मोठा केला, पडदाभर नुसतं काळं पसरेपर्यंत, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण लिंबू ताटाबाहेर पिळतोय.

"काय झालं?" मेधानं विचारलं.

"काही नाही. धुराडं काळं आहे."

"धुराडं काळंच असतं."

"दुसरं काळं नाहीये."

"मग त्या दुसऱ्याची चौकशी करा," ती म्हणाली आणि ओट्याकडे वळली. मेधाचं बोलणं तर्काला धरून असायचं. बावीस वर्षं ती तर्काला धरून होती आणि पद्माकर तिला धरून.

काळं म्हणजे काजळी. काजळी म्हणजे धूर, धूर म्हणजे खाली कुठंतरी चूल, आणि धुराड्याखाली चूल असेल तर तिच्यामागे जाडजूड भिंत असणार, कारण ते अख्खं धुराडं, तीन-चार टन विटा, त्याच भिंतीच्या डोक्यावर उभं असणार. पद्माकरच्या ड्रॉइंगमध्ये त्या जागी साडेचार इंचांची पडदी होती. पडदी म्हणजे नुसता आडोसा, तिच्यावर कुणाचा भार नाही, काढली तर घराला पत्ताही लागायचा नाही. आज दहा वाजता ती काढणार होते. घड्याळात आठ वीस झाले होते आणि पोहे, अजून तरी, गरम होते.

ती दोन लॉजेस म्हणजे एका जुन्या इस्टेटीच्या फाटकाच्या दोन अंगांना बांधलेली दोन बुटकी घरं. सिंगापुरात, बुकित तिमाच्या बाजूला कुणा रबरवाल्या साहेबाचा बंगला होता. साहेब गेला, रबर गेलं, बंगला कधीतरी पाडला, आणि राहिली ती फक्त आत शिरायची जागा, पुस्तक हरवून प्रस्तावना तेवढी हातात उरावी तशी. आता आतल्या जमिनीवर अठरा मजली कॉन्डो होत होता आणि त्याच्या माहितीपत्रकात 'आगमन हाच अनुभव' असं लिहून फाटकाचं चित्र फ्लॅटपेक्षा मोठं छापलं होतं, जे किमती बघता प्रामाणिकच म्हणायचं. लॉजेस पाडायची नाहीत अशी सरकारी अट होती. म्हणून डाव्यात सिक्युरिटी गार्ड बसणार होता आणि उजव्यात पार्सलांचे लॉकर. ऑनलाइन मागवलेली खोकी ठेवायला जागा ऐसपैस लागते, म्हणून आतली पडदी जायची होती. लॉज हा मोठा गमतीचा प्रकार असतो. सगळा नट्टापट्टा रस्त्याकडे: टोकदार खिडक्या, पागोळ्यांखाली लाकडी कातरकामाची झालर, छपराच्या शेंड्यावर उलट्या भोवऱ्यासारखं लाकूड. मागची बाजू नुसता चुना, कारण मागं बघणार कोण. तीन भिंतींना खिडक्या, म्हणजे येणारी गाडी आतल्या माणसाला कुठूनही दिसावी. त्या आतल्या माणसाचंही काही झाकायचं असू शकतं, हे नकाशा काढणाऱ्याला सुचलेलं दिसत नव्हतं. आणि विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर धुराडी! नकाशा विलायतेहून आला, त्यात धुराडी होती, म्हणून बांधली, असं पद्माकरनं अहवालात लिहिलं होतं. दोन्ही शोभेची, आतून पोकळ, छपराच्या लाकडांवर बसवलेली. दोन्ही. हा शब्द लिहिताना त्याचा हात अजिबात अडखळला नव्हता.

एकसारख्या गोष्टींसाठी पद्माकरच्या धंद्यात, म्हणजे जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे काढण्यात, एक बटण आहे. अर्धं मोजायचं, अर्धं काढायचं, मधोमध एक रेघ धरायची आणि बटण दाबायचं, की उरलेलं अर्धं उलटं होऊन पलीकडे आपोआप उभं राहतं. त्याला मिरर करणं म्हणतात. सगळेच करतात. "शिंपी दोन्ही तंगड्या मोजतो का?" असं पद्माकर ऑफिसात नव्यानं आलेल्यांना विचारायचा आणि ते हसायचे, कारण तो सीनिअर होता. मार्चमध्ये त्यानं डावं लॉज दोन दिवस मोजलं. कौलं मोजली, झालरीतली भोकं मोजली, खिडकीच्या कमानीचा बाक तीन ठिकाणी मोजला. उजव्याला कुलूप होतं. पाया लेबारला ऑफिसात येऊन त्यानं बटण दाबलं आणि कागदाच्या कोपऱ्यात नेहमीचा शिक्का टाकला: 'जागेवर मोजलेले'. खाली सही. कागद फार देखणा झाला होता. खरी घरं इतकी एकसारखी नसतात, हे त्या देखणेपणावरूनच कळायला हवं होतं.

त्यानं फोन हातात घेतला. 'भिंत चुकीची आहे' असं लिहिलं आणि पुसलं. भिंत चुकीची नव्हती. भिंत सव्वाशे वर्षं बरोबर होती. 'अर्जंट' लिहिलं, पुसलं. सप्टेंबरात त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथं नोकरी करायचा परवाना, संपत होता आणि त्याच्या पासाला मेधाचा आणि मुलीचा, अवनीचा, पास टांगलेला होता, खुंटीवर दोन छत्र्या टांगाव्यात तसा. अवनीची ए-लेव्हलची परीक्षा नोव्हेंबरात. 'मी मोजलं नाही' हे तीन शब्द लिहिले की खुंटी निघणार, मग छत्र्यांनी काय हवेत तरंगायचं? शेवटी त्यानं लिहिलं, 'प्लीज होल्ड हॅकिंग. वन डायमेन्शन टु चेक.' भिंत फोडण्याला इथं हॅकिंग म्हणतात. श्रीनिवासचं लगेच उत्तर आलं: 'ओके सर. विच डायमेन्शन? लॉरी कमिंग टेन थर्टी.' म्हणजे काम थांबलं, पण मलबा न्यायला लॉरी येईपर्यंत. एक डायमेन्शन! पद्माकरला स्वतःच्या धीटपणाचं कौतुक वाटलं. चुकलेलं माप एक असतं, दोन असतात. सगळा कागदच खोटा असेल तर त्यातलं कुठलं माप दाखवायचं?

"मी जरा लॉजवर जाऊन येतो," तो म्हणाला.

"शनिवारी सकाळी लॉजवर चाललोय असं बायकोला सांगून निघणारा नवरा मी पहिल्यांदा पाहिला," मेधा म्हणाली. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "अहो, घाम का आलाय?"

"गरम आहे."

"एसी चालू आहे."

अवनी कानातले बोळे न काढताच खोलीतून बाहेर आली. "बाबा, यू लुक लाइक घोस्ट. फाइन ऑर नॉट?"

"केमिस्ट्री झाली का?"

"डोन्ट चेंज सब्जेक्ट, लाह."

चोआ चू कांगहून जाणारा एलआरटीचा डबा इमारतींना इतका खेटून जातो की लोकांच्या घरात नजर जाऊ नये म्हणून त्याच्या काचा तेवढ्यापुरत्या आपोआप धुरकट होतात. सभ्यपणा यंत्रावर सोपवलेला असला की माणसांना उगाच मान वळवावी लागत नाही. काच पांढरी झाली आणि पद्माकरला मार्चमधला तो गुरुवार दिसला, जो त्यानं इतके महिने उघडला नव्हता. उजव्या लॉजला कुलूप होतं हे खरं. पण गुरुवारी किल्ली मिळाली होती हेही खरं. तो गेला होता. कुलूप काढलं होतं, दार ढकललं होतं, आणि उंबऱ्यावरच त्याच्या नाकाला तो वास लागला होता. ओल आहे, असं तो स्वतःशी म्हणाला. पण ओलीला ओलीचा वास येतो. हा भिंतीत मुरलेल्या जुन्या धुराचा होता, तेल-मीठ-धूर मिळून भिंतीला जो एक अंगवास येतो तो. हातात टेप होता, डोक्यावर हेल्मेट होतं, अख्खी दुपार मोकळी होती. त्यानं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि किल्ली परत दिली. किल्ली देणाऱ्या माणसानं विचारलं, "फास्ट, हं?" पद्माकर म्हणाला होता, "सेम-सेम." काच पुन्हा स्वच्छ झाली. समोरच्या गॅलरीत बांबूच्या काठ्यांवर कुणाचे तरी शर्ट वाळत होते, ओळीनं, सगळे उजवीकडे तोंड करून.

त्याचे वडील रेल्वेत होते. सिंगापुरात गणपतीत, पाडव्याला, कुणी विचारलं तर तो एवढंच सांगायचा. "रेल्वेत म्हणजे?" असं कुणी खोदून विचारलंच तर "ऑपरेटिंगला" म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. आप्पा दौंडच्या अलीकडे एका फाटकावर गेटमन होते. रुळांच्या या बाजूला गुमटी: फोन, दोन झेंडे, कंदील आणि आप्पांची खाट. त्या बाजूला क्वार्टर: आई, तीन पोरं आणि चूल. आप्पांची झोप रुळांच्या अलीकडे आणि जेवण पलीकडे. मधून दिवसात तीसएक गाड्या जायच्या. आई फडक्यात भाकरी बांधून रुळाशी उभी राहायची, मालगाडी आली तर पन्नास डबे मोजायची आणि मग पलीकडे यायची. पावसाळ्यात भाकरी भिजायची, आप्पा भिजलेली खायचे. कुणाचं लग्नकार्य असलं की वऱ्हाडाच्या बैलगाड्या फाटकाशी थांबायच्या आणि घरातलं सगळं त्यांना दिसायचं: आईचं लुगडं, पोरांचं नागडेपण, चुलीवर काय आहे ते. लहानपणी पद्माकरची अशी ठाम समजूत होती की घर म्हणजे ज्याच्या मधून लोक जातात ते. विलायतेतसुद्धा जोडीची लॉजेस एकाच राखणदाराच्या कुटुंबाला देत, एकात झोपायचं, दुसऱ्यात रांधायचं, मधून साहेबाची बग्गी, हे त्यानं नंतर परीक्षेसाठी वाचलं होतं आणि त्यावर दहापैकी आठ मार्क मिळवले होते. म्हणजे अख्ख्या सिंगापुरात त्या दोन घरांतल्या एकात चूल असणार हे न मोजता सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्यानंच दार ओढून घेतलं होतं. डावीकडचं धुराडं शोभेचं होतं, उजवीकडे खरं होतं म्हणून जोडीला. नकाशावाल्या गोऱ्यानं जोड जमवायला एक थाप मारली आणि पद्माकरनं त्या थापेवर शिक्का मारला.

फाटक बंद केलं की आप्पांना स्टेशनमास्तरला फोनवर एक नंबर द्यावा लागे. छापील कागदावरचा, ओळीनं येईल तो. दिला की खोडायचा. मास्तरला फाटक दिसत नसे, नंबर तेवढा ऐकू येई, आणि त्या नंबरावर गाडी सुटे. एका दुपारी आप्पांनी आधी नंबर दिला आणि मग हातातला घास संपवून फाटक बंद केलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी गेली. दुसऱ्या दिवशी आप्पा सायकलवरून स्टेशनात गेले आणि हे सांगून आले. त्यांना पंधरा दिवस घरी बसवलं. ते पंधरा दिवस ते रुळांच्या पलीकडे, चुलीजवळ, पाहुण्यासारखे अवघडून बसायचे. "कुणी विचारलं नव्हतं, काही झालं नव्हतं, आणि हे आपणहून सांगून आले," असं आई पुढं कितीतरी वर्षं आल्यागेल्याला सांगायची. लोक हसायचे. पद्माकरही हसायचा. आप्पा भाकरी मोडत राहायचे. त्यांना लाज वाटत होती, राग येत होता, की काहीच वाटत नव्हतं, हे पद्माकरला तेव्हा कळलं नाही आणि नंतर त्यानं विचारलं नाही. डबा वळणावर कलंडला. लॉरी साडेदहाची. नऊ पंचवीस. त्यानं पुन्हा फोन काढला आणि पुन्हा खिशात ठेवला, आणि बुकित पांजांगला खाली उतरून मेट्रोचे जिने तो पळत उतरला, पन्नाशी उलटलेला माणूस जसा पळतो तसा, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं हा चालतोय.

साइटवर उजव्या लॉजच्या दाराशी श्रीनिवास उभा होता. नेल्लोरचा, पंचेचाळिशीचा, आवाज न चढवणारा माणूस. पद्माकरशी तो हिंदीत बोलायचा, दोघांनाही ती सारखीच परकी होती म्हणून.

"सर, लड़के लोग आज जल्दी लग गए. आपका मेसेज आया तब तक दो ईंट निकल गया था."

"दो ईंट के पीछे क्या है?"

"और ईंट."

"उसके पीछे?"

श्रीनिवासनं कान खाजवला. "और ईंट, सर."

"आदमी कहाँ हैं?"

"अंदर. चाय पी रहे हैं."

"बाहर निकालो. सबको. अभी."

श्रीनिवासनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता आत हाक मारली. चार माणसं बाहेर आली, प्लॅस्टिकच्या पिशवीतला चहा नळीनं ओढत, आणि दूर रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसली. त्यातला एक जण काहीतरी बोलला आणि बाकीचे हसले. ती माणसं इतका वेळ ज्या भिंतीला टेकून बसली होती तिच्यावर पद्माकरनं बॅटरी मारली, दारातूनच. खाली गुडघ्याच्या उंचीवर दोन विटांचं भोक. वर प्लायवुड मारलेलं, त्याच्या कडेनं भिंतीचा काळा पट्टा छपरापर्यंत गेलेला. पाय आत टाकावा की नाही हे त्याला ठरवता येईना. कुठल्यातरी बाईनं हात पुसून पुसून दाराच्या चौकटीचा एक तुकडा गुळगुळीत केला होता. ड्रॉइंगमध्ये ती चौकट नवी कोरी होती.

"दीवार मोटी है," श्रीनिवास शेजारी येऊन म्हणाला. "नो प्रॉब्लम, सर. 'साइट कंडीशन डिफरेंट' लिख देते हैं. पुराना बिल्डिंग है, किसको मालूम अंदर क्या है. आप भी सेफ, मैं भी सेफ."

हे वाक्य इतकं सोपं होतं की पद्माकरला त्याच्यात निजावंसं वाटलं. जागा वेगळी निघाली. जागेचा दोष. जागा काही पासासाठी अर्ज करत नाही. श्रीनिवास आपली जाड भिंत लिहील, इंजिनिअर ती भिंत वाचवील, लॉकर दुसरीकडे जातील, अवनी परीक्षेला बसेल. आणि मंगळवारी याच कागदावरून याच घराचं छप्पर दुरुस्तीसाठी उचलायचं होतं. जाड भिंत दुरुस्त झाली की बाकीच्या कागदावर सगळ्यांचा आणखी विश्वास बसणार, कारण तपासलेला कागद तो. मग तुळया कुठं टेकल्यात हे कुणी पाहणार नाही. मंगळवारी तो पुन्हा पोहे टाकून पळत येईल का? आणि बुधवारी?

त्यानं क्वेकना फोन लावला. क्वेक फर्मचे मालक. मागून बॅडमिंटनच्या रॅकेटवर फूल आपटल्याचे आवाज येत होते.

"पद्मा. सॅटरडे," क्वेक म्हणाले. हा त्यांचा नमस्कार होता.

"मिस्टर क्वेक, द राइट लॉज. आय डिड नॉट मेझर. आय मिरर."

"विच वॉल?"

"नॉट वॉल. होल शीट."

रॅकेटचे आवाज थांबले नाहीत, पण लांब गेले. क्वेक कोर्टाबाहेर आले असावेत. "एनीबडी इनसाइड?"

"नो. ऑल आउट."

"गुड." मग खालच्या, जवळजवळ मायेच्या आवाजात, "पद्मा, युवर रिन्यूअल ऑन माय टेबल, यू नो. आय ऑलमोस्ट साइन यस्टरडे. दिस वन ओन्ली, राइट?"

साहेबानं दार उघडून धरलं होतं, आत या म्हणून. नुसतं 'राइट' म्हणायचं. एक कागद, एक चूक, एक माफी. पद्माकरनं तोंड उघडलं आणि त्याला अकरा वर्षांतल्या रेघा दिसायला लागल्या, कागदाच्या मधोमध धरलेल्या, ज्यांच्या एका बाजूला त्यानं घाम गाळला होता आणि दुसऱ्या बाजूला बटण दाबलं होतं. दुकानांची एक जुनी ओळ, तिच्यातलं एक घर मोजलेलं, सात उलटसुलट केलेली. एका देवळाची दक्षिणेकडची ओवरी. एका दवाखान्याची मागची बाजू. एका शाळेचे दोन जिने, एक पायरी-पायरी मोजलेला. कुठंही काही झालं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं होतं.

"नो," तो म्हणाला.

"हाऊ मेनी?"

"आय हॅव टु राइट डाउन."

क्वेकनी श्वास सोडलेला ऐकू आला. "यू राइट. सेंड मी टुडे. ऑल, हं. रिन्यूअल आय कॅनॉट से एनिथिंग नाऊ." आणि फोन बंद झाला.

श्रीनिवासनं सगळं ऐकलं होतं. त्यानं साइटवरच्या रोजच्या परवानगीच्या कोऱ्या फॉर्मचा एक गठ्ठा आणि पेन आणून दिलं आणि पद्माकर लॉजसमोरच्या कठड्यावर बसून फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहायला लागला. पहिली सहा नावं भराभर आली, वर्षांच्या क्रमानं, जशी चांगल्या माणसाच्या बायोडेटात यावीत तशी. सातव्याला तो थांबला, मग ते लिहिलं. आठवं लिहिलं. खिशात फोन थरथरला, पडद्यावर मेधाचं नाव होतं. त्यानं तो उलटा करून मांडीवर ठेवला. साडेदहाची लॉरी आली, ड्रायव्हरनं रिकामं फाटक पाहिलं आणि इंजिन बंद न करता सिगारेट पेटवली. श्रीनिवास पद्माकरच्या खांद्यावरून वाचत होता, ओठ हलवत.

"सर, इसमें मेरी साइट भी है क्या?"

पद्माकरनं अकराव्या नावावर पेन टेकवलं. शाळेचे जिने.

"कौनसा नहीं नापा?"

"पीछेवाला."

श्रीनिवासनं झाडाखालच्या माणसांकडे पाहिलं, मग कागदाकडे. "वो तो चालू है, सर. पिछले जून से बच्चे चढ़ते-उतरते हैं उसपे." तो पद्माकरशेजारी कठड्यावर बसला, हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. "तो पहले वो लिखो."

पद्माकरनं तो कागद बाजूला ठेवला, नवा फॉर्म उलटा केला आणि सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत, जिन्याचं नाव लिहिलं.